सारंगांच्या पिलाचं वजन

तीस सालानंतरची काही वर्षं मी कुलाबा जिल्ह्यात गुरांचा डॉक्टर होतो. मुक्काम तळा या गावी. तिथून कधी छकड्यातून, कधी पायी, मध्ये खाडी आली की होडीतून किनाऱ्यावरच्या गावांना जायचं, बैलांना घटसर्पाची लस टोचायची, लाळ्या-खुरकुताची साथ आली की खुरं धुऊन औषध लावायचं, एखादी म्हैस अडली की बाह्या वर करून बसायचं, हे माझं काम. मी घाटावरचा. समुद्र पहिल्यांदा पाहिला तो मुंबईला शिकायला गेलो तेव्हा. किनाऱ्यावरची माणसं मला ढोरडॉक्टर म्हणत. त्याचं मला वाईट वाटत नसे. मी ढोरांचाच होतो.

दिवेआगरच्या अलीकडे खाडीच्या तोंडाशी एक गाव आहे. एका पौषात मी तिथल्या गोठ्यातलं काम आटपून हात धूत होतो, तेव्हा एक उंच म्हातारा येऊन उभा राहिला. पांढरी आखूड दाढी, चौकड्याची लुंगी, अंगात जहाजावरचा जुना निळा कोट. त्याची बटणं पितळेची होती आणि सगळी घासलेली. गावातले त्यांना सारंग म्हणत. सारंग म्हणजे बोटीवरच्या खलाशांचा मुकादम. हे गृहस्थ तीसेक वर्षं विलायती बोटींवर काढून घरी बसले होते.

"एक जनावर दाखवायचं हाय," ते म्हणाले. "पन ते ढोर न्हाय."

त्यांच्या मागोमाग मी गेलो. घर समुद्राकडे पाठ करून होतं आणि मागे नारळी-पोफळीची लहानशी वाडी. वाडीच्या टोकाला विहीर. विहिरीजवळ नारळीच्या झापांचा एक आडोसा केला होता आणि त्यात गोणपाटावर एक काळंभोर पिल्लू बसलेलं होतं. रुंद डोकं, लोंबते कान, मुळाशी जाड असलेलं शेपूट. मी थबकलो. आमच्या कॉलेजात एक गोरे प्रोफेसर होते, त्यांचा म्हातारा कुत्रा वर्गात टेबलाखाली झोपलेला असे. ही तीच जात. लॅब्राडोर. त्याआधी मी पाहिलेला या जातीचा तो एकच कुत्रा, आणि तो भेटला तेव्हा त्याचे दात पडलेले होते.

पिल्लू सारंगांच्या मुलानं आणलं होतं. मुलगा एकुलता एक, बापासारखाच बोटीवर. त्याच्या बोटीवरच्या एका अधिकाऱ्याच्या कुत्रीला पिल्लं झाली, त्यातलं एक त्यानं याला दिलं. कार्तिकात मुलगा रजेवर आला तो करंडीत हे घेऊन. महिनाभर राहिला आणि पुन्हा बोटीवर गेला. जाताना बापाला सांगून गेला, "मी येईन तवर याला घोड्यासारखा करून ठेवा. नाव मी आल्यावर ठेवीन." म्हणून पिलाला नाव नव्हतं. सारंग त्याला नुसतं "ए बेटा" म्हणत.

मुसलमानाच्या घरात कुत्रा यायचा नाही. म्हणून आडोसा वाडीत, आणि सारंग तिथे जाताना विहिरीवर टांगलेली एक जुनी लुंगी नेसत. परत येताना अंग धुऊन ती तिथेच टांगत आणि मग नमाजाला जात. थंडी असो, वारा असो, दिवसातून दोनदा हे चाले.

"कसा हाय?" त्यांनी मला विचारलं. "पोट बघा कसं धरलंय."

पोट खरंच नगाऱ्यासारखं होतं. पण मी पिलाला उभं केलं तर पाठीचे मणके वर आलेले, मांड्या सुकलेल्या, केस राठ.

"पोट धरलंय," मी म्हटलं, "अंग नाही धरलं."

सारंगांनी वाकून पिलाच्या कमरेवर, पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना अंगठा आणि बोटं दाबून पाहिली. बकरा घेताना माणूस दाबून पाहतो तसं. "व्हय. हितं मांस काय लागत न्हाय. ते मला कळतंय, म्हनून तर तुमाला आनलं. पन मग ह्ये येवढं पोट कसलं?"

"जंतांचं. तुम्ही घालता ते जंत खातात. पिल्लू उपाशीच राहतं."

त्यांना ते पटलं नाही. त्यांच्या लेखी पोट मोठं म्हणजे पोट भरलेलं. पण मुलाचा जीव त्या पिलावर आहे, एवढं त्यांच्यासाठी पुरेसं होतं. मी जंतावर औषध दिलं, वर एरंडेल दिलं. दोन दिवस माझं काम त्याच गावात होतं म्हणून परिणाम मला पाहायला मिळाला. पिलाच्या पोटातून जे पडलं ते सारंगांनी काठीनं उलटून पाहिलं आणि मग दोन्ही कानांना हात लावले.

पण पुढच्या फेरीला गेलो तर म्हातारा माझ्यावर रागावलेला. "पोट व्हतं ते पन घालवलंत. आता ह्ये काय, नुसते पाय! पोर आला तर म्हनंल, बापानं उपाशी मारला."

त्या वयाचं पिल्लू तसंच दिसतं. पाय आधी वाढतात, धड मागून येतं. हे मी सांगितलं, पण सांगताना माझ्याच मनात शंका होती. या वयाला याचं नेमकं किती वजन असावं हे मला ठाऊक नव्हतं. सारंगांच्या आग्रहाखातर आम्ही पिलाला गोणपाटात घालून सुपारीच्या व्यापाऱ्याच्या काट्याला टांगलं. व्यापारी हसून बेजार झाला. वजन कळलं, पण ते ताडून कशाशी पाहायचं? गावातल्या कुत्र्यांशी ताडून उपयोग नव्हता. ती मासळीच्या काट्यांवर जगणारी, हाडं आणि खरूज. मुंबईच्या अलीकडे या जातीचा दुसरा कुत्रा नव्हता. असला तरी मला माहीत नव्हता.

मग मी त्यांना हात लावून पाहायला शिकवलं. प्रोफेसर म्हणायचे तेवढंच मला आठवत होतं, ते मी माझ्या भाषेत सांगितलं. "सारंग, डोळे मिटा. तळवा बरगड्यांवरून फिरवा. लागतात?"

"लागतात."

"दाबावं लागतं?"

"न्हाय. जरासं."

"आता डोळे उघडा. दिसतात?"

त्यांनी नीट पाहिलं. "शेवटची एखादी दिसती. पळतो तवा."

"मग तो ठीक आहे. बोटांना लागल्या पाहिजेत, डोळ्यांना दिसता कामा नयेत. दिसायला लागल्या की कमी पडतंय. दाबूनही लागेनाशा झाल्या की जास्त होतंय. आणि वरून पाहिलं तर मागच्या पायांच्या आधी कंबर आत गेलेली दिसली पाहिजे."

सारंग त्याच्या अंगाशी उभे राहून वरून बघत राहिले. मग म्हणाले, "म्हंजे वरनं होडी दिसायला हवी. गलबत न्हाय."

"बरोबर."

मागच्या दारातून कुणीतरी हसलं. ती त्यांची सून. लग्न होऊन दोन वर्षं झालेली, वीस-एकवीस वर्षांची असेल. दाराच्या चौकटीमागे उभी राहून ओढणी सावरत ती आमचं बोलणं ऐकत असे. सारंगांची बायको आधीच गेली होती. घरात हे दोघंच. सून मला समोर येऊन काही बोलत नसे, पण मी गेलो की शहाळं सोलून दारात ठेवी. शहाळं मुसलमानाच्या हातचंही चालतं, असं तेव्हा माझ्यासारखे हिंदू मानत. चहा तिनं कधी विचारला नाही. तिलाही ते ठाऊक होतं.

माघात मी गेलो तेव्हा ते पिल्लू, आता पिल्लू म्हणायला नको असं झालेलं, किनाऱ्यावर सारंगांबरोबर होतं. ओहोटी होती. सारंग एक सुकं नारळ लाटेत भिरकावत आणि कुत्रा पाण्यात झेपावून ते तोंडात धरून आणी. कुणी शिकवलं नव्हतं. अंगाला लकाकी आलेली, छाती भरलेली, कंबर जिथल्या तिथे. मी ओल्या अंगावरून तळवा फिरवला. बरगड्या पातळ कापडाखाली वेताची काठी लागावी तशा लागल्या. "असाच ठेवा," मी म्हटलं. "यात शेरभर वाढवू नका, शेरभर कमी करू नका." सारंग इतके खूश झाले की त्यांनी मला घरापर्यंत जबरदस्तीनं नेलं आणि वाडीतली केळी बांधून दिली.

त्या कुत्र्याला मी तसा पाहिला तो तेवढाच.

शिमग्याच्या आसपास शेजारच्या गावचा एक खलाशी रजेवर आला. तो सारंगांच्या मुलाच्याच बोटीवरचा. घरी जायच्या आधी तो सारंगांकडे गेला. मी तिथे नव्हतो. मला हे नंतर गावच्या पाटलानं सांगितलं. कुठल्याशा परमुलखातल्या बंदरात बोट लागली होती. संध्याकाळी तिघं जण गावात फिरायला उतरले. दोघं परत आले. तिसरा बाजारात मागे राहिला, येईल म्हणून त्यांनी वाट पाहिली. बोटीनं भरतीपर्यंत थांबून नांगर उचलला. मारामारी झाली की काय, आजारी पडला की काय, की आपण होऊन राहिला, कुणालाच काही माहीत नाही. मुंबईच्या कंपनीच्या हापिसात सारंग स्वतः जाऊन आले. तिथे त्यांना बाकावर बसवून ठेवलं आणि संध्याकाळी सांगितलं, काही कळलं तर कळवू.

खलाशी सगळं सांगत होता तेव्हा सारंगांनी त्याला एकच विचारलं म्हणे, "पायात जोडा व्हता का?" तो म्हणाला, होता.

चैत्र संपताना मी गेलो. सारंग ओट्यावर बसलेले. कोट अंगात होता, बटणं काळी पडली होती. मला पाहून ते उठले. म्हणाले, "चला, तुमाला बेटा दाखवतो."

कुत्रा आडोशात पडला होता. मला ओळखून त्यानं शेपूट हलवलं, उठला मात्र दमानं. अंग चहूबाजूंनी भरलं होतं. मानेवर वळी पडली होती. मी तळवा फिरवला, मग बोटं रुतवली, तेव्हा कुठे खोल आत काहीतरी टणक लागलं. वरून पाहिलं तर कंबर नव्हती. आणि पुढच्या पायांची मनगटं बाहेरच्या बाजूला झुकायला लागली होती. वाढत्या वयातली हाडं, अजून पक्की झालेली नाहीत, त्यावर हा भार.

"सारंग, हे फार झालं. काय घालताय याला?"

"काय न्हाय. आमी खातो तेच."

"किती?"

ते विहिरीकडे गेले आणि हात धुवायला लागले. बराच वेळ धूत होते. मी त्यांच्या मागे जाऊन समजावलं. याचे पाय वाकताहेत, अजून वाढायचाय, आत्ता खाणं आवरलं नाही तर जन्माचा लंगडा होईल, उन्हाळ्यात धाप लागेल. ते माझ्याकडे पाठ करून ऐकत होते. शेवटी म्हणाले, "तो आला आनि ह्यो हडकुळा दिसला तर?"

"हडकुळा नाही व्हायचा. होता तसा होईल."

"तुमी मागं पन असंच बोललात. पोट घालवलंत."



ते नमाजाला गेले तेव्हा सून पहिल्यांदा दाराबाहेर आली. विहिरीपाशी घागर ठेवून, माझ्याकडे न बघता, घागरीशी बोलावं तशी बोलली.

"ते घालतात ते ताट त्यांच्या पोराचं हाय."

मला कळलं नाही.

"खबर आली त्या दिवसापासनं बाबा बोलतात, तीन ताटं वाढ. तो कंदीपन येईल, गरम जेवन पायजे. मी वाढते. आमी दोघं जेवतो. तिसरं तसंच ऱ्हातं. मग अन्न टाकू नये म्हनून बाबा ते वाडीत नेतात. दोन टायमाला. त्याला आवडायचं तेच करायला लावतात. खोबऱ्याचा रस, तांदळाची भाकर, गोश्त असलं तर त्यातले चरबीचे तुकडे."

"तुम्ही थोडं कमी वाढा," मी म्हटलं. "त्यांना कळणार नाही."

ती म्हणाली, "कमी वाढून बघितलं. बाबा बोलले, येवढंच? तो भुकेला येईल." घागर विहिरीत सोडता सोडता तिनं माझ्याकडे पाहिलं. "मी त्यांना कसं सांगू, वाढायचं बंद करा म्हनून? मी सांगायचं? मी?"

मी गाडीत बसलो आणि तळ्यापर्यंत त्या एका शब्दाशीच अडून राहिलो. मला येत होतं ते एवढंच की कुत्र्याला किती घालावं. या घरात तो हिशेब बायकोनं नवऱ्याचं ताट बंद करण्यापाशी येऊन थांबला होता. ते मी कुणाला सांगायचं, कोणत्या तोंडानं?

तरी मी वैशाखात एकदा खटपट करून पाहिली. सारंगांना म्हटलं, कुत्रा महिनाभर माझ्याकडे तळ्याला द्या, मी पाय सरळ करून आणतो. ते रागावले नाहीत. म्हणाले, "आनि मधीच तो आला तर? कुत्रा कुटं हाय, ढोरडॉक्टरकडं, असं सांगू?" मग मी म्हटलं, निदान त्याला रोज चालवा. ते त्यांनी आपल्या परीनं मान्य केलं. आठवड्यात ज्या दिवशी मुंबईची आगबोट येई त्या दिवशी ते कुत्र्याला घेऊन धक्क्यावर जायला लागले. मैलभराची वाट, निम्मी वाळूतून. बोट लागायची, माणसं पडावातून उतरायची, ती सगळी उतरेपर्यंत सारंग उभे राहायचे, कुत्रा त्यांच्या पायाशी जीभ बाहेर काढून पडायचा. मग दोघं परत. चालण्यानं थोडा फरक पडेल असं मला वाटलं होतं. दोन-तीन आठवडे पडलाही असेल.

पण ज्येष्ठ लागला आणि आगबोटी बंद झाल्या. पावसाळाभर त्या किनाऱ्याला बोट लागत नाही. समुद्र बंद, वाट बंद, खाडीची होडीसुद्धा वारा पाहून सुटते. माझ्या फेऱ्या आतल्या गावांपुरत्या राहिल्या. त्या चार महिन्यांत सारंगांच्या घरी काय चाललं असेल ते मला बसल्या जागी दिसत होतं. पाऊस कोसळतोय, म्हातारा ओट्यावर, कुत्रा आडोशात, आणि दोन वेळा एक ताट घरातून वाडीत जातंय.

भाद्रपद सरताना मी त्या बाजूला गेलो. लाळ्या-खुरकूत पसरला होता. दुपारपर्यंत गोठ्यांत होतो. ऊन भयंकर. पाऊस गेल्यानंतरचं ते ऊन वैशाखापेक्षा वाईट, जमिनीतून वाफ येते. मी बादलीत हात घातलेला, तेवढ्यात सारंगांची सून धावत आली. डोक्यावरची ओढणी खांद्यावर, पाय वाळूनं भरलेले.

"डॉक्टरसाहेब, चला. तो पडला."

कोण पडला ते मला आधी कळलं नाही. मला वाटलं म्हातारा.

पावसाळ्यानंतरची पहिली आगबोट त्या दिवशी यायची होती. सारंग सकाळपासून तयार होते. मुलगा पावसामुळे कुठेतरी अडकला असेल, आता वाट मोकळी झाली, पहिल्याच बोटीनं येईल असं त्यांनी मनाशी धरलं होतं. कुत्र्याला बरोबर नेलं, मागोमाग सूनही निघाली. चार महिने जागचं न हललेलं ते जनावर वाळूची वाट निम्मी चाललं आणि सुरूच्या झाडांच्या अलीकडे, सावली हाताशी असताना, उन्हात कोसळलं.

मी पोचलो तेव्हा सारंग त्याच्याजवळ उभे होते. कुत्र्याची छाती भात्यासारखी चालली होती, जीभ जांभळी, डोळे वर गेलेले. मी ओरडलो, "पाणी आणा! सावलीत ओढा याला!" सून गोठ्यातून उचलून आणलेली घागर घेऊन भरतीच्या पाण्याकडे पळाली. मी पुढचे पाय धरले, सारंगांनी मागचे धरले. आम्हाला दोघांना तो उचलेना. ओढत ओढत आम्ही त्याला झाडांखाली आणलं. सारंगांच्या हातांना त्याची लाळ लागली होती. ते त्यांच्या ध्यानातही नव्हतं.

तेवढ्यात बोटीची शिटी झाली.

सारंग ताठ झाले. त्यांनी कुत्र्याकडे पाहिलं, मग धक्क्याकडे. मी त्यांच्या तोंडाकडे पाहत होतो, आणि तसा चेहरा मी पुन्हा कुणाचा पाहिला नाही. मी म्हणालो, "तुम्ही जा. मी आहे इथे." ते मला म्हणायला नको होतं की हवं होतं, मला सांगता येत नाही. ते गेले. वाळूत पाय रुतत होते, कोटाचं टोक वाऱ्यावर उडत होतं, आणि ते त्यांच्या वयाला शोभणार नाही अशा घाईनं गेले.

आम्ही दोघांनी कुत्र्यावर पाणी ओतलं. मानेवर, पोटावर, मांड्यांत. सून पळत जाई, घागर आणी, मी ओती. मी त्याच्या छातीवर हात ठेवून ठोके शोधत होतो. चरबीतून ते हाताला नीट लागतही नव्हते. थोडा वेळ श्वास मंदावला, मला वाटलं उतार पडतोय. मग एकदा त्याचं सगळं अंग ताणलं गेलं आणि सैल पडलं. सून घागर घेऊन येत होती. माझा हात थांबलेला पाहून ती जागच्या जागी उभी राहिली, आणि तिनं घागर तशीच भरलेली वाळूत ठेवली.

सारंग परत यायला बराच वेळ लागला. ते जवळ आले, सुनेकडे पाहून म्हणाले, "उतरला न्हाय."

मग त्यांनी खाली पाहिलं. गुडघे टेकून ते बसले, डोळे मिटले आणि मी शिकवलं होतं तसा तळवा त्याच्या अंगावरून फिरवायला लागले. पाठीपासून खाली, पुन्हा पाठीपासून खाली. बोटं दाबून. मी म्हटलं, "सारंग, पुरे." त्यांनी ऐकलं नाही. शेवटी सुनेनं वाकून त्यांचा हात धरला. सासऱ्याच्या अंगाला तिनं तोवर कधी हात लावला नसेल.

गावातल्या दोघा कोळ्यांनी दांड्याला बांधून कुत्र्याला वाडीत नेलं. विहिरीपासून लांब, कुंपणाला लागून खड्डा खणला. सारंग तिथे आले नाहीत. ते विहिरीवर अंग धूत होते. मी निघताना सून म्हणाली, "आज मी दोनच ताटं वाढली. बाबा काय बोलले न्हाईत." तिच्या आवाजात सुटका नव्हती. हे सांगताना ती रडत होती.

त्यानंतर वर्षभर मी तिथे होतो. फेरीला गेलो की सारंगांकडे डोकावत असे. सुनेचा भाऊ पनवेलकडे दुकान चालवत असे, तो तिला न्यायला आला होता. ती आधी नाही म्हणाली, मग गेली. तिचं पुढे काय व्हावं हे कुणालाच ठरवता येत नव्हतं. नवरा मेला असं कुणी म्हणत नव्हतं, म्हणून तिला विधवा म्हणता येईना. तो आहे असंही कुणी म्हणत नव्हतं. काझींनी थांबायला सांगितलं होतं. किती थांबायचं ते भावानं विचारलं, तर ते वर्षांत मोजायचं आहे एवढंच कळलं. ती गेली त्या दिवशी सारंगांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि घरात गेले. धक्क्यावर आले नाहीत.

एकटे राहिल्यावर ते स्वतः रांधत. एक शेळी पाळली होती. तिला काही झालं तर मला बोलावीत, पण शेळीला काही होत नसे. पाय दुखायला लागल्यापासून धक्क्यावर जाणंही सुटलं.

नंतर माझी बदली खानदेशात झाली. तिकडे कापसाचा मुलूख, मोठाले बैल, कामाला अंत नाही. बऱ्याच वर्षांनी कल्याणच्या फलाटावर त्या गावचा सुपारीचा व्यापारी भेटला. तो म्हातारा झाला होता, मला त्यानंच ओळखलं. मी सारंगांचं विचारलं. ते गेले, म्हणाला. कोणत्या साली ते त्याला आठवेना. मुलाचं काही कळलं का, मी विचारलं. तो म्हणाला, नाही. सुनेचं? तेही त्याला माहीत नव्हतं. त्याची गाडी आली आणि तो पिशव्या उचलून चढला.